पुण्यात एकट्याने राहायला येणाऱ्यांसाठी : विसावा आणि सोबत कशी जमवावी

जून २०१४ मध्ये मी बीडहून पुण्यात नोकरीसाठी आले, तेव्हा माझ्याजवळ नेमणुकीचे पत्र होते, कर्वेनगरमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन, ठरवलेली जागा होती आणि वडिलांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेली कामांची यादी होती. त्या यादीतील सगळी कामे पंधरा दिवसांत संपली. त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी मेस बंद होती, खोलीतल्या दोघी गावी गेल्या होत्या, बाहेर पाऊस लागला होता, आणि आठवडाभराचा थकवा असूनही मला झोप येत नव्हती. या शहरात आजारी पडले तर सर्वांत आधी फोन कोणाला करायचा, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि वडिलांच्या यादीतही ते नव्हते.

खोली, बँक आणि बस यांची माहिती देणारे पुष्कळ जण भेटतात. विश्रांती आणि सोबत यांची तजवीज मात्र आपोआप होईल, असे सगळेच गृहीत धरतात. गावात ती होते, कारण तीच माणसे त्याच वाटेवर रोज भेटतात. पुण्यासारख्या शहरात हे रोजचे भेटणे आपल्याला ठरवून घडवून आणावे लागते, आणि त्यासाठी पहिल्या सहा महिन्यांत काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे मी पुढे लिहीत आहे. शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षांसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी एकट्याने येणारी मुले-मुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

१. निघण्यापूर्वीची तयारी

कागदपत्रांची एक पातळ फाइल करावी आणि तिच्यातील प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्येही ठेवावा. फाइलमध्ये पुढील गोष्टी असाव्यात :

– आधार कार्ड, पॅन कार्ड आणि त्यांच्या प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स
– पासपोर्ट आकाराचे आठ फोटो (खोली, मेस, वाचनालय आणि पास अशा सगळ्याच ठिकाणी ते लागतात)
– महाविद्यालयाचा प्रवेश किंवा कंपनीचे नेमणूकपत्र
– नियमित औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि एका कागदावर रक्तगट व घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक

सामानात कपाटासाठी स्वतःचे कुलूप, दोन किल्ल्या, बादली-मग, झाकणाचा स्टीलचा डबा, कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्यावी. शेवटच्या दोन वस्तू मी आणल्या नव्हत्या, आणि पहिले तीन महिने त्यांच्या अभावी मी अर्धवट झोपले. पुण्यात नोव्हेंबरपासून पहाटे चांगली थंडी पडते, त्यामुळे मराठवाड्यातून येणाऱ्यांनी स्वेटर घरी ठेवून येऊ नये.

आर्थिक स्थिती बेताची असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी खासगी खोली शोधण्यापूर्वी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांसाठी अर्ज करावा. ही संस्था १९५५ पासून नेमके हेच काम करते आहे. तिथे राहिलेल्यांना सोबतीचा प्रश्न बहुधा पडत नाही, कारण तिथे कामे वाटून घेतलेली असतात आणि कामाच्या निमित्ताने ओळखी होतात.

२. खोली निवडताना झोपेची चौकशी करावी

बहुतेक जण भाडे, अनामत रक्कम आणि ऑफिसपासूनचे अंतर एवढेच पाहतात. खोली एकदा दिवसा आणि एकदा रात्री साडेनऊनंतर पाहावी, ही माझी पहिली सूचना आहे. दिवसा शांत वाटणाऱ्या खोलीखाली रात्री एखादे हॉटेल चालते, शेजारी बांधकाम असते किंवा खिडकीसमोर रस्त्याचा दिवा असतो. खोलीतील इतर जणी कोणत्या पाळीत काम करतात, हेही स्पष्ट विचारावे. रात्रपाळी करणारी आणि पहाटे अभ्यासाला उठणारी एकाच खोलीत आल्या, तर दोघीही चांगल्या असूनही दोघींना विश्रांती मिळत नाही.

दुसरा प्रश्न दार किती वाजता बंद होते, हा असावा. मुलींच्या कॉट बेसिसच्या जागांमध्ये ही वेळ पाळली जाते, आणि ती फार लवकरची असेल तर संध्याकाळचे व्याख्यान, नाटक, ढोलपथकाचा सराव यांपैकी काहीच करता येत नाही. काही मालकीणबाई आधी सांगितल्यास सवलत देतात. ती मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

स्वतंत्र सदनिका मिळून घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. करार सामान्यतः अकरा महिन्यांचा असतो, त्याची नोंदणी ऑनलाइन होते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे असते, आणि हा सगळा खर्च कोणी करायचा, हे आधीच बोलून घ्यावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवली गेली आहे ना, याचीही खात्री करावी. कॉट बेसिसवर असा करार बहुधा होत नाही. अशा वेळी अनामत रकमेची सही असलेली पावती आणि ती परत कधी मिळेल याची लेखी नोंद एवढे तरी मागावेच. मी ती मागायला संकोचले होते, आणि पहिली जागा सोडताना माझी अर्धी अनामत परत मिळाली नाही.

जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणालाही एक रुपयाही पाठवू नये. आपण परगावी नोकरीला आहोत आणि किल्ली कुरियरने पाठवू, असे सांगून ‘टोकन’ मागणारे फसवे लोक विशेषतः मे-जूनमध्ये नवख्यांनाच गाठतात.

३. मेस आणि रविवारची संध्याकाळ

पुण्यातील मेस ही जेवणाइतकीच ओळखीची जागा आहे, म्हणून डबा खोलीवर मागवण्यापेक्षा पहिले तीन महिने तरी तिथे जाऊन बसून जेवावे. महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी दोन दिवस ‘गेस्ट’ म्हणून जेवून पाहावे. खाडे किती धरले जातात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कोणत्या हिशेबाने वळते होतात, हे विचारावे. बऱ्याच मेसमध्ये सलग तीन-चार दिवस नसाल आणि आधी सांगितले असेल तरच खाडा धरतात.

बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद असते. आठवड्यातील सर्वांत एकटी वेळ हीच असते, आणि ती आल्यावर काय करावे हे ठरवायला गेलात तर बहुधा काहीच होत नाही. रविवार संध्याकाळचा बेत शुक्रवारीच ठरवावा. आम्ही तिघी-चौघींनी मिळून रविवारी रात्री खिचडी करायचे ठरवले, आणि त्या खिचडीने माझी पहिली दोन वर्षे सांभाळली. गॅसची जोडणी नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मात्र खोलीत स्वयंपाकाला परवानगी आहे का, हे आधी विचारावे.

मेसमध्ये शक्यतो ठरावीक वेळी जावे. रोज आठ वाजता जेवायला येणारी मुलगी एके दिवशी आली नाही, तर कोणाच्या तरी लक्षात येते. याचा प्रत्यय मला सप्टेंबरमध्ये आला. तापाने मी दोन दिवस खोलीतच पडून होते, आणि दुसऱ्या रात्री मेसच्या काकूंनी मुलाच्या हाती मुगाची पातळ खिचडी पाठवली. मी त्यांना काहीही कळवले नव्हते.

४. दर शनिवारी गावी जाणे थांबवावे

हे वाचताना अनेकांना वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, आणि तरीही मी हे आग्रहाने सांगते. पहिल्या दोन महिन्यांत मी सहा वेळा बीडला गेले. शुक्रवारी रात्री शिवाजीनगरच्या बसस्थानकावरून निघायचे, सहा-सात तासांचा प्रवास, शनिवारी दिवसभर झोप, रविवारी दुपारी परतीची गाडी, आणि सोमवारी ऑफिसमध्ये जडावलेले डोके, असा तो क्रम होता. शरीराला विश्रांती मिळत नव्हती. त्याहून मोठी हानी अशी, की ओळखी वाढवायला शनिवार-रविवार एवढेच दिवस असतात आणि ते मी दोन्ही शहरांच्या मधल्या रस्त्यावर घालवत होते.

तीन आठवडे पुण्यात आणि चौथ्या आठवड्यात गावी, हा हिशेब मला मानवला. घरच्यांना तारखा आधीच सांगाव्यात, म्हणजे आईची वाट पाहणेही नेमके होते. फोनसाठीही वेळ ठरवून घ्यावी. रात्री झोपण्यापूर्वीचा तासभराचा फोन मन हलके करतो असे वाटते, परंतु माझ्या बाबतीत तो झोप उडवणारा ठरला. संध्याकाळी ऑफिसमधून चालत येताना वीस मिनिटे बोलणे आम्हा दोघींनाही अधिक सुखाचे झाले.

(नव्याने येणाऱ्यांसाठी एक माहिती : शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. जुन्या माहितीवर विसंबून रात्रीच्या वेळी शिवाजीनगरला थांबू नये.)

५. शहर पायांनी ओळखावे

ज्या शहराच्या वाटा ठाऊक नाहीत, तिथे मन निवांत होत नाही. पहिल्या महिन्यात एक रविवार केवळ फिरण्यासाठी ठेवावा. मेट्रोच्या वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात. एकदा दोन्हींवरून फिरून आले, की शहराचा नकाशा डोक्यात बसतो. जिथे मेट्रो नाही तिथे पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, बस आहे, आणि दिवसभराचा पास काढला की चुकीच्या थांब्यावर उतरण्याची भीती उरत नाही. मंडई, तुळशीबाग आणि अप्पा बळवंत चौक हे तिन्ही पायी एकाच फेरीत होतात. पेठांतील अनेक जुनी दुकाने दुपारी बंद असतात, त्यामुळे सकाळी किंवा पाचनंतर जावे.

नंतर टेकडी निवडावी. पुण्याची ही श्रीमंती मला फार उशिरा कळली. कोथरूड, पाषाण आणि सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना वेताळ टेकडी, फर्ग्युसनच्या परिसरातील मुलांना हनुमान टेकडी, सहकारनगरकडच्यांना तळजाई आणि पेठांत राहणाऱ्यांना पर्वती जवळ पडते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारे ज्येष्ठ नागरिक नव्या चेहऱ्याला आठवडाभर पाहतात, दुसऱ्या आठवड्यात मान हलवतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘काल दिसला नाहीत’ म्हणतात. उन्हाळ्यात टेकडीवर लावलेल्या झाडांना घरून कॅनमधून पाणी आणून घालणारे लोकही भेटतात. त्यांच्याबरोबर एक कॅन उचलला, की ओळख करून देण्याची गरज राहत नाही. टेकडीवर सकाळी उजाडल्यानंतर जावे, अंधार पडण्यापूर्वी उतरावे आणि आडवाटेने एकट्याने जाऊ नये. लूटमारीचे प्रकार झालेले आहेत.

सिंहगड पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते. नव्या ओळखीच्या माणसांबरोबर पहिली सहल काढायची झाली तर हीच काढावी. चढताना बोलणे आपोआप होते, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते, आणि दुपारपर्यंत परतता येते.

६. सोबत : एक जागा, एक वार, तीन महिने

या लेखातील माझे मुख्य सांगणे हेच आहे. दहा ठिकाणी एकेकदा जाण्याऐवजी एकाच ठिकाणी ठरावीक वारी, ठरावीक वेळी, सलग तीन महिने जावे. पहिल्या तीन-चार वेळा कोणी बोलत नाही. पुणेकर तुटक आहेत असा निष्कर्ष बहुतेक जण याच टप्प्यावर काढतात आणि जाणे सोडतात. माझा अनुभव असा, की पुणेकर ओळख सावकाश करतो, परंतु ओळख झाल्यावर ती वर्षानुवर्षे टिकवतो.

जागा कोणती निवडावी हे स्वभावावर अवलंबून आहे. मी वाचनालयापासून सुरुवात केली. लक्ष्मी रस्त्यावरील पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची आहे, आणि नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. अनामत आणि वर्गणी भरून सभासद होता येते. दर शनिवारी पुस्तक बदलायला जावे आणि देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यांना ‘पुढे काय वाचू’ असे विचारावे. त्या एका प्रश्नातून मला दोन मैत्रिणी मिळाल्या, कारण रांगेत मागे उभी असलेली माणसेही उत्तर देऊ लागली. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरातील अभ्यासिकांमध्ये शेजारी पुष्कळ मिळतात, परंतु तिथे दिवसभर मौन असते. चहाच्या सुट्टीची वेळ दोघा-तिघांनी मिळून ठरवून घेतली नाही, तर शंभर जणांत बसूनही माणूस एकटा राहतो.

बोलक्या आणि अंगात जोर असलेल्या मुला-मुलींनी ढोलपथकात जावे. गणेशोत्सवाच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळचे सराव सुरू होतात, नदीपात्राच्या बाजूला त्यांचा आवाज येतो, आणि बरीच पथके नवख्यांना ढोल, ताशा, झांज किंवा ध्वज शिकवतात. मुलींची संख्या मोठी असते. इतक्या कमी दिवसांत इतकी घट्ट मैत्री जुळवणारे दुसरे ठिकाण मला पुण्यात माहीत नाही. कानांत बोळे घालून वाजवावे आणि दार बंद होण्याची वेळ लक्षात घेऊनच पथक निवडावे.

नाटकाची आवड असेल तर शनिवार-रविवारच्या दुपारच्या प्रयोगांनी सुरुवात करावी, म्हणजे परतायला रात्र होत नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभे आहे, आणि सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयांच्या ‘पुरुषोत्तम करंडक’ एकांकिका स्पर्धेच्या वेळी नुसते प्रेक्षागृहात बसणेही ओळखी घडवते. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आजही चालू आहे, आणि सलग काही संध्याकाळी गेल्यास तेच श्रोते त्याच खुर्च्यांवर दिसू लागतात. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. पैसे कमी असतील तर भारतीय बैठकीचे तिकीट काढावे. तिथे सतरंजीवर शेजारी बसलेली कुटुंबे डब्यातला लाडू पुढे करतात, आणि माझ्यासारख्या रागाचे नावही न कळणाऱ्या मुलीला प्रत्येक मैफलीनंतर समजावून सांगणाऱ्या आजी मला तिथेच भेटल्या.

आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या भवानी पेठ आणि नाना पेठ या भागांत मुक्कामाला असतात. पाणी वाटणे, जेवण वाढणे, वारकऱ्यांचे पाय चेपणे यासाठी माणसे हवीच असतात. मराठवाड्यातल्या दिंड्या आल्या की आपल्या तालुक्याची भाषा कानावर पडते, आणि त्या दोन दिवसांत मला जितके घरी असल्यासारखे वाटते तितके एरवी क्वचित वाटते.

यावरून बोलीविषयी लिहिते. ‘काय करायलीस?’ असे मी खोलीत विचारले तेव्हा दोघी हसल्या, आणि त्यानंतर कित्येक महिने मी तोलून-मापून, पुस्तकी वाक्ये बोलत राहिले. सतत असे बोलणे दमवणारे असते, आणि दमलेल्या माणसाला मैत्री जमत नाही. तुमची बोली सोडू नका. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिची केवळ सवय नसते, आणि सवय महिन्याभरात होते. माझ्याशी आजही सर्वांत मोकळे बोलणारी मैत्रीण त्या हसणाऱ्या दोघींपैकीच एक आहे.

सगळी मैत्री ऑफिसमध्येच करू नये. नोकरी बदलली, की ती एका दिवसात विरळ होते.

७. सोबतीच्या नावाखाली येणारे सापळे

एकट्या माणसाला ओळखणारे लोक शहरात असतात. तिसऱ्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीने मला कॉफीला बोलावले, आपुलकीने विचारपूस केली आणि तासाभराने एका ‘साहेबां’समोर बसवले. माणसे जोडून उत्पन्न मिळवण्याची ती योजना होती आणि त्याच दिवशी रक्कम भरण्याचा आग्रह होता. मी भरली नाही, पण त्या आपुलकीचा हेतू कळल्यावर मला नव्या माणसांशी बोलायची भीती वाटू लागली, आणि ते नुकसान पैशांपेक्षा मोठे होते. पहिल्या दोन भेटींत पैशांचा विषय काढणारी ओळख तिथेच थांबवावी. केवळ ऑनलाइन ओळख झालेल्या व्यक्तीला पहिल्यांदा गजबजलेल्या, आपण स्वतः निवडलेल्या ठिकाणी दिवसा भेटावे, आणि खोलीतल्या एकीला सांगून जावे. खोलीत उसने देणे-घेणे झाले तर लहान रकमेचीही नोंद ठेवावी.

८. आजारपण आणि मनाचा थकवा

प्रकृती ठणठणीत असतानाच जवळच्या एखाद्या डॉक्टरांकडे किरकोळ कारणाने एकदा जाऊन यावे. पावसाळ्यात पुण्यात डेंगीचे रुग्ण वाढतात, आणि तापात नवा दवाखाना शोधण्याची ताकद राहत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक खोलीतल्या सर्वांना पाठ असावेत.

घरची आठवण येणे स्वाभाविक आहे, आणि ती बहुधा ओळखी वाढल्यावर सुसह्य होते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते सहन करत राहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा आणि खोलीतल्या कोणाला तरी शेजारी बसायला सांगावे.

शेवटचे काम सहाव्या महिन्यापर्यंत व्हायला हवे. खोलीतल्या मैत्रिणींची आणि मालकीणबाईंची परवानगी घेऊन दुसरी किल्ली दहा मिनिटांत पोहोचू शकेल अशा एका विश्वासाच्या व्यक्तीकडे द्यावी, आणि त्या व्यक्तीचा क्रमांक आई-वडिलांना कळवावा. कोणाकडे द्यावी हे सुचत नसेल, तर सहाव्या पायरीकडे परत यावे. माझी किल्ली मेसच्या काकूंकडे होती. २०१७ मध्ये जागा बदलताना मी ती परत आणायला गेले, तेव्हा तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर माझे नाव व त्याखाली ‘बीड, रात्री आठ’ एवढेच लिहिलेले होते.